तव्याची पत्रिका

'धर्माची गाय आणि दात का गं नाय' ही म्हण घेणाऱ्याचं तोंड बंद करण्यासाठी आहे. देणाऱ्यानं ती गाय कुणाच्या गोठ्यातून आणली, तिथे तिला पेंड मिळत होती की काठी, गुराख्याचा पगार थकला होता का, याबद्दल म्हण अवाक्षर काढत नाही. पूर्वजांनी देणाऱ्याला या चौकश्यांतून सूट दिली होती आणि मीही तिचा फायदा घेत आलो. बारसं असलं की झबलं, वास्तुशांत असली की कुकर, लग्न असलं की पाकीट. त्यातही पाकिटासारखी निर्धास्त वस्तू दुसरी नाही. एक रुपयाचं नाणं वर चिकटवलेलंच येतं आणि आतल्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते. पुढची नैतिक जबाबदारी त्यांची.

भाचीनं खराडीला फ्लॅट घेतला तेव्हा मी पाकिटाच्याच विचारात होतो. पण आमंत्रणापाठोपाठ तिचा फोन आला.

"मामा, तू उगाच काहीतरी शोभेचं आणू नकोस हं. मला नॉनस्टिकचा सेट हवाय. तवा, कढई आणि ते काचेच्या झाकणाचं खोलगट पॅन."

इतकी स्वच्छ मागणी आली की मामालोकांना खरं तर हायसं वाटतं. दुकान, बिल, चमकी कागद, संपलं. पण माझं दुर्दैव असं, की 2019 सालचा 'डार्क वॉटर्स' हा सिनेमा मी नुकताच पाहिला होता. तो नॉनस्टिक तव्याविषयी आहे हे मला आधी ठाऊक असतं तर वास्तुशांत उरकल्यावर पाहिला असता. आपल्याकडे मुलगी द्यायची तर मुलाची पत्रिका बघतात. इथे भाचीच्या घरात तवा द्यायचा होता, आणि त्याची पत्रिका माझ्यापुढे आपण होऊन उघडली गेली होती.

सुरुवातीची घरं उत्तम आहेत. 1938 साली न्यू जर्सीत, ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट नावाचा तरुण रसायनज्ञ फ्रिजमध्ये वापरायच्या वायूंवर काम करत होता. एका सिलिंडरमधून वायू येईना, आणि वजन मात्र भरलेल्या सिलिंडरचं. कापून पाहिला तर आत पांढरी, मेणचट भुकटी. तिला काही म्हणजे काही चिकटत नव्हतं. हे टेफ्लॉन. ते स्वयंपाकघरात आलं फ्रान्समार्गे. मार्क ग्रेग्वार नावाच्या इंजिनिअरनं ते आपल्या मासेमारीच्या सामानासाठी वापरून पाहिलं, तेव्हा त्याच्या बायकोनं सुचवलं, की गळाचे लाड पुरे, माझ्या भांड्यांना लावून दाखव. 1956 साली त्यातून टेफाल कंपनी निघाली. आधी नवऱ्याचा छंद, मग बायकोची टोचणी, शेवटी कंपनीचा नफा, असा संसारोपयोगी शोधांचा क्रमच असावा.

मंगळ पुढे आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ओहायो नदीच्या काठी पार्कर्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या ड्यूपाँच्या कारखान्यात टेफ्लॉन बनवताना पीएफओए नावाचं रसायन 1951 पासून वापरलं जात होतं. तिथे त्याला सी-8 म्हणत. विल्बर टेनंट या शेतकऱ्याची जमीन कंपनीच्या कचऱ्याच्या जागेला लागून होती. त्याच्या गाई ओढ्याचं पाणी प्यायच्या आणि एकामागून एक मरायच्या. 1998 साली तो रॉब बिलॉट या वकिलाकडे गेला. हा वकील ज्या फर्ममध्ये होता ती रसायन कंपन्यांची बाजू लढवणारी. पण बिलॉटची आजी पार्कर्सबर्गची. आजोळचा माणूस दारात आल्यावर नाही कसं म्हणणार? 1999 साली खटला गुदरला. पुढे सुमारे सत्तर हजार लोकांचं रक्त तपासलं गेलं, सी-8चा सहा आजारांशी बहुधा संबंध असल्याचं शास्त्रज्ञांच्या समितीनं सांगितलं, आणि 2017 साली साडेतीन हजारांवर दावे 67 कोटी 10 लाख डॉलरला मिटले.

सिनेमात टेनंटच्या गाईचे दात काळे ठिक्कर पडलेले दाखवले आहेत. म्हण रचणाऱ्यांनी दातांकडे बघू नका म्हणून बजावलं होतं, आणि इथे सगळा पुरावा दातांतच होता.

आता तव्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे. नेहमीच्या वापरात तव्यावरचा थर पोटात विष कालवतो, असं या खटल्यात कुणी म्हटलेलं नाही. त्रास झाला तो रसायन हाताळणाऱ्या कामगारांना आणि कारखान्याच्या पाण्यावर जगणाऱ्यांना. म्हणजे भाचीचे डोसे सुरक्षितच होते. पण ते जाणून मला आणखी अवघडल्यासारखं झालं. तव्यात तिला धोका असता तर प्रश्न सोपा होता, तवा घेतलाच नसता. धोका तिला नव्हता, कुठल्या तरी टेनंटच्या गाईला होता, आणि गाय मेल्यावर आमच्या डोशाला छान जाळी पडणार होती.

शिवाय ती गोष्ट सातासमुद्रापलीकडे राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. इटलीत व्हिचेन्झाजवळ मितेनी नावाची कंपनी याच घराण्यातली रसायनं करत होती. तिनं आसपासच्या काही लाख लोकांचं पाणी नासवलं, 2018 साली ती दिवाळखोरीत गेली, आणि जून 2025 मध्ये तिथल्या न्यायालयानं तिच्याशी संबंधित 11 जणांना तुरुंगवास सुनावला. मधल्या काळात त्या कारखान्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीनं विकत घेतली आणि सोडवून बोटीनं आणली. कुठे, तर रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. मुंबई-गोवा हायवेवरून गणपतीला जाताना आपण ज्या पाट्या वाचत जातो, त्यातलीच एक. तिथलं रसायन माझ्या तव्यात येतं असं मी मुळीच म्हणत नाही. पण ओहायो नदीची म्हणून ऐकायला बसलेली गोष्ट चिपळूणच्या अलीकडे येऊन थांबली की माणूस जरा सावरून बसतो.

हे सगळं मी बायकोला जेवताना सांगितलं. ती भात कालवत म्हणाली, "अहो, वास्तुशांत आहे. चौकशी आयोग नाही."

तरी मी दुकानात गेलो. तुळशीबागेच्या आसपास भांड्यांची जी दुकानं आहेत त्यांत शिरताना डोकं वाचवावं लागतं, कारण वर चाळण्या टांगलेल्या असतात. दुकानदारानं सेट पुढे सरकवला आणि खोक्यावरच्या हिरव्या गोल स्टिकरवर बोट ठेवलं. "काका, पीएफओए फ्री आहे."

"म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे फ्री."

"हो, पण काय फ्री?"

तो थोडा विचारात पडला. मग म्हणाला, "यावर दोन लाकडी उलथणी फ्री आहेत."

त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. त्या स्टिकरचा अर्थ सांगणं अवघडच आहे. अमेरिकेत आठ मोठ्या कंपन्यांनी 2015 पर्यंत पीएफओए बंद करण्याचं कबूल केलं, आणि मग त्याच्या जागी आलेलं जेनएक्स हे रसायन 2017 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या केप फिअर नदीत सापडल्याचं उघड झालं. म्हणजे खोक्यावर गेलेल्याची बातमी असते, आलेल्याची नसते.

नॉनस्टिक नको तर काय? कुकर तर आहेच. वास्तुशांतीला कुकर नेणाऱ्याला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. पण एकदा का हा किडा डोक्यात शिरला की वस्तू नुसती वस्तू राहत नाही. कुकर म्हणजे ॲल्युमिनियम, ॲल्युमिनियम म्हणजे बॉक्साइट आणि बॉक्साइट म्हणजे कुणाचा तरी डोंगर. ओडिशातल्या नियमगिरीवर डोंगरिया कोंध लोकांचा देव राहतो. 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, खाण होऊ द्यायची की नाही हे ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराच्या बारांनी नाही म्हटलं. तो डोंगर वाचला. म्हणजे माझ्या कुकरचं ॲल्युमिनियम दुसऱ्या एखाद्या डोंगरातून आलं असणार, जिथे बारा सभा भरल्या नसतील. कुकर फुटू नये म्हणून 2021 पासून आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. तो स्वयंपाक करणाऱ्याच्या काळजीपोटी आहे आणि चांगलाच आहे. डोंगराच्या काळजीचा शिक्का अजून कुणी काढलेला नाही.

स्टीलचं मला फार वाईट वाटतं, कारण आमची पिढी स्टीलच्या आहेरांवर पोसली गेली. आईच्या घरात एक पिंप आहे, त्यावर टिंबाटिंबांच्या अक्षरांत तारीख, प्रसंग आणि 'सप्रेम भेट' देणाऱ्या काकांचं नाव कोरलंय. भांड्यांच्या दुकानात ते नाव घालायचं यंत्र असायचं, दाढदुखीत ऐकू येतो तसला आवाज करणारं. भांडं कुणी केलं हे कुठेच नसे. कारखान्याचा कागदी स्टिकर पहिल्याच दिवशी रॉकेलचा बोळा फिरवून काढून टाकायचे. ते भाईंदरच्या एखाद्या शेडमध्ये घडलं, की दिल्लीच्या वझीरपूरमध्ये, पॉलिशच्या मशिनवर बसलेल्याच्या नाकातोंडात किती धूळ गेली, हे त्या स्टिकरवर तरी कुठे असायचं म्हणा. उरायचं ते देणाऱ्याचं नाव. काका जाऊन वीस वर्षं झाली तरी पिंपातलं पाणी त्यांच्याच नावावर चालू आहे. मला गोची इथेच दिसते. स्वतःसाठी तवा घेतला तर तो माझ्या घरात राहील, ती लबाडी माझी मी निस्तरीन. आहेर म्हटला की लबाडी भाचीच्या ओट्यावर आणि नाव माझं.

मग मी कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. तिथे मात्र प्रश्नच नव्हता, कारण कारखानदार समोर मांडी घालून ठोकत बसलेला होता. पत्र्यावर हातोडीनं एकसारखे खळगे पाडत जायचे, याला मठारकाम म्हणतात. त्यानं पत्रा घट्ट होतो आणि उजेड पडला की भांडं लखलखतं. कान किटतात, पण मन प्रसन्न होतं. पैसे कुणाच्या हातात पडतात ते दिसतं. मालकाचा वार्षिक अहवाल वाचायचा तर त्याच्या तोंडाकडे बघायचं. मी एक हंडी जवळजवळ पक्कीच केली होती. तेवढ्यात बायकोनं हळूच विचारलं, "आणि कल्हई?"

कल्हई हा तांब्यापितळेच्या भांड्यांचा नॉनस्टिकच्या आधीचा थर. कल्हईवाला चौकात बसून भाता मारायचा, भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं एका झटक्यात आतून चांदी फिरवायचा. आम्ही मुलं भोवती कोंडाळं करून बघायचो. खराडीला बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीनं कल्हईवाला कुठून आणावा? आणि खरं सांगायचं तर नवसागराचा तो पांढरा ढग निघाला की आम्ही नाक दाबून मागे सरायचो. कल्हईवाला सरत नसे. त्याच्या छातीचं काय झालं हे आमच्या आळीत कुणी कधी विचारलं नाही. जुनं ते सोवळं म्हणून मी जी हंडी उचलत होतो, तिच्याही पत्रिकेत मंगळ होताच, फक्त तो कुणी मांडून ठेवला नव्हता.

हल्ली कंपन्या आपली पत्रिका आपणच मांडतात. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना 2022-23 पासून सेबीनं जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. पाणी किती वापरलं, कामगार किती जखमी झाले, तक्रारी किती आल्या, सगळं भरून द्यायचं. मग मिक्सरच द्यावा का, असं मनात आलं, म्हणून तो बनवणाऱ्या एका कंपनीचा असा अहवाल मी रात्री वाचायला घेतला. मिक्सर घ्यायला निघालेल्यानं एवढं वाचन करावं अशी सेबीचीही अपेक्षा नसावी. अहवालात मिक्सरपेक्षा रोपटी जास्त होती. रोपटं लावणारे अधिकारी, दप्तर घेतलेली मुलं, शिलाई मशिनवर बसलेल्या बायका, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच हसू. कंत्राटी कामगारांचा तक्ता शोधायला मात्र चष्मा पुसावा लागला. अहवाल खोटा होता असं मला म्हणायचं नाही. लग्न जमवायला काढलेल्या फोटोसारखा तो होता. माणूस तोच, पण आजच्या दिवसापुरता.

आणि रोपट्यांना हसायचा अधिकार तरी आपल्याला आहे का? नफ्यातले दोन टक्के समाजासाठी काढायचा कायदा 2013 सालचा, पण रीत जुनी आहे. जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनशी व्यापार केला, त्यात अफू भरपूर होती. त्याच पैशातून दानधर्म झाला आणि आज मुंबईचा गरिबातला गरीब माणूस पाय मोडला की जे.जे.लाच जातो. चीनमधल्या अफूबाजांच्या बायकापोरांनी काय म्हटलं असतं हे मला कळतं. पाय मोडलेला माणूस काय म्हणेल तेही कळतं. दोघांना एका खोलीत बसवून हिशेब करायला सांगितलं तर मात्र मी चहा आणायच्या निमित्तानं बाहेर जाईन.

'आमच्या वेळी हे असलं कुणी बघत नव्हतं,' असं म्हातारी माणसं म्हणतात त्यात तथ्य नाही, निदान पुण्यात तरी नाही. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, 1877 च्या दिल्ली दरबारात जाडंभरडं हातविणीचं खादीचं कापड अंगावर घालून गेले होते. 1905 साली इथेच विदेशी कपड्यांची होळी झाली. अंताजी दामोदर काळे या शिक्षकानं माणशी एक पैसा गोळा करायची टूम काढली, त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. त्या काळात कुणाच्या घरी तळेगावच्या काचेची वस्तू गेली असेल तर ती देणाऱ्यानं नक्कीच मान ताठ ठेवून दिली असेल. ती काच बेल्जियमच्या तोडीची होती का, हे घेणाऱ्यानं मनातल्या मनात तपासलं असेल. त्याला शब्द फुटला नसेल, कारण धर्माची गाय.

या स्वदेशी चळवळीतली बोच रवींद्रनाथांनी 1916 साली 'घरे बाइरे' या कादंबरीत नेमकी पकडली आहे. त्यातल्या संदीपला विलायती कापड जाळायचंय. निखिलला ते मान्य नाही, जाळण्याची किंमत गरीब फेरीवाल्यानं का मोजायची? माझ्या तत्त्वाचे पैसे दुसऱ्यानं का भरायचे, असा तो प्रश्न आहे, आणि शंभरावर वर्षं तो तसाच ताजा आहे. जाळपोळ सोडा, साध्या आहेराला तो लागू पडतो. मला समाधान हवं म्हणून भाचीनं जड हंडी घासायची. मला रात्री झोप यावी म्हणून तिनं सकाळी डब्याच्या घाईत तव्याला चिकटलेलं धिरडं खरवडायचं. ती आठ वाजता घर सोडते. तिच्या आईनं आणि आजीनं खरवडण्यात जेवढा वेळ घालवला तेवढा तिनंही घालवावा असं म्हणणारा मी, आयुष्यात किती तवे खरवडले आहेत? ग्रेग्वारच्या बायकोनं नवऱ्याला टोचलं ते काही उगाच नाही.

बहिष्काराचंही तसंच. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळला जी वायुगळती झाली ती ज्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात झाली, तीच कंपनी आपल्या घराघरांतले एव्हरेडीचे सेल बनवत होती. 1994 साली तिनं भारतातला हिस्सा विकला. मधली दहा वर्षं खेड्यापाड्यांत विजेऱ्या पेटतच होत्या. रात्री शेतावर पाणी धरायला जाणाऱ्याला साप दिसला पाहिजे होता. इथे माझी थट्टा थांबते. त्या माणसाला तुझ्या विजेरीत कुणाचे सेल आहेत असं विचारायची माझी हिंमत नाही, आणि न विचारल्याचं समाधानही नाही.

दिवाळीत ऑफिसातून येणाऱ्या चॉकलेटच्या डब्याबद्दल तर बोलूच नये. कोकोच्या मळ्यांतून बालमजुरी काढण्याचं वचन बड्या कंपन्यांनी 2001 साली दिलं, मुदत 2005 ची होती, आणि 2020 सालच्या अभ्यासात आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत सुमारे 15 लाख 60 हजार मुलं त्या कामात आढळली. आपली कंत्राटदाराची मुदतवाढ त्यापुढे बालिश वाटते. चकली बरी, म्हणावं, तर तेल कुठल्या पामचं हा प्रश्न आहेच. मी चकलीपाशी थांबलो. कुठे तरी थांबावं लागतं, नाहीतर माणूस उपाशी मरेल आणि तोही कुठल्या कंपनीच्या पंख्याखाली, असा प्रश्न राहीलच.

निर्दोष आहेर मला एकच माहीत आहे. आमच्या नात्यात एक बोन चायनाचा डिनर सेट गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. तो कुणी मूळ विकत घेतला हे आता इतिहासाला ठाऊक नाही. खोक्याचे कोपरे मऊ झाले आहेत, आतलं गवत अर्धं गळून गेलंय, पण ताटल्यांना अन्नाचा कण लागलेला नाही. मुंजीतून लग्नात, लग्नातून साठीशांतीत, असा तो चमकी कागद बदलत निघालेला असतो. त्याच्यासाठी नवा डोंगर खणला जात नाही, नवं पाणी नासत नाही, नवा कामगार राबत नाही. पर्यावरणवाल्यांनी त्याचा जाहीर सत्कार करावा. फक्त त्यात जेवायचं नाही एवढं पथ्य.

सध्या तो आमच्याच माळ्यावर आहे. बायकोनं तो सुचवला नसता तर नवल. पण भाचीच्या आईनंच तो गेल्या खेपेला आम्हाला दिला होता, त्यामुळे मार्ग बंद होता.

शेवटी मी बिडाचा सेट घेतला. तवा, कढई आणि अप्पेपात्र. बीड म्हणजे ओतीव लोखंड. थर नाही, कल्हई नाही, कसलं फ्री नाही. भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्याला काय धग लागते हे मला कोल्हापूरला एका फाउंड्रीच्या दारातून दिसलं होतं, पण आता मी चकलीपाशी थांबायला शिकलो होतो. पिशवी रिक्षात ठेवली तेव्हा रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. बाराव्या मजल्यावर लिफ्ट बंद नव्हती, हे त्या वास्तुपुरुषाचे उपकार.

भाचीनं कागद सोडला. "अय्या, किती जड!" म्हणाली. मग जावयानं कढई एका हातानं उचलून पाहिली आणि दोन हातांनी खाली ठेवली. मी बिडाच्या तव्याला तेल कसं मुरवायचं, पहिले काही दिवस कांदा कसा फिरवायचा, साबण का लावायचा नाही, हे सविस्तर सांगितलं. पार्कर्सबर्गचंही सांगायला घेतलं होतं, पण गुरुजींनी संकल्पासाठी हाक मारली. निघताना ती मला दारापर्यंत सोडायला आली. मिठी मारली, आणि कानाशी म्हणाली, "मामा, फार छान आहे रे. बिल ठेवलंयस ना?"

बिल होतं. मी दिलं. मागणाऱ्याला हवं ते न देता मला हवं ते दिल्यावर निदान बिल तरी तिचं होतं.

दोनेक महिन्यांनी आम्ही तिच्याकडे गेलो. तवा तिच्या सासूबाई नाशिकला घेऊन गेल्या होत्या. त्यांना असाच कधीचा हवा होता, आणि आता त्यावरच्या भाकरीचे फोटो त्या रोज सकाळी घरच्या ग्रुपवर टाकतात. कढई आणि अप्पेपात्र बदलून, वर थोडे पैसे घालून, भाचीनं एअर फ्रायर आणला होता. मी उठून पाहून आलो. खण बाहेर ओढला तर आत काळा, गुळगुळीत, ओळखीचा थर.

"थेंबभर तेलात होतात मामा, बघ," म्हणत तिनं कोथिंबीरवड्यांची बशी पुढे केली.

वड्या खमंग झाल्या होत्या, खोटं कशाला बोलू. बायकोनं दुसरी वडी तोंडात टाकली, खणाकडे नजर टाकली आणि विचारलं, "केवढ्याला गं पडला? दुकानातून घेतलास की ऑनलाइन?" भाची मोबाइल काढून दाखवायला लागली. दोघींची डोकी स्क्रीनवर वाकली. मी बशी माझ्याकडे ओढून घेतली.